रकाना सत्तर

२०१३ च्या उन्हाळ्यात सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचे २७ हजार डॉलर न्यूयॉर्कमध्ये अडकले. माल म्हणजे हळकुंडांचा एक कंटेनर. विकणारा सांगलीचा, घेणारा दुबईचा, खाणारे तुर्कमेनिस्तानातले. या साखळीत अमेरिका कुठेच नव्हती.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका सरकारी बँकेच्या परदेशी व्यवहार शाखेत होते. सांगलीच्या शाखेतून कागद आमच्याकडे यायचे, पैसेही आमच्याच टेबलावरून पुढे जायचे. या गृहस्थांना सगळा बाजार अण्णा म्हणायचा, म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले. रोज साडेदहाला त्यांचा फोन ठरलेला. "मॅडम, आले का हो?" नाही आले. "दुबईवाला म्हणतो सोडलेत." सोडलेत, पण पोचले नाहीत. "मग मधे कुठं मुक्कामाला थांबलेत?"

मुक्काम न्यूयॉर्कला होता. दुबईच्या बँकेतल्या कुणा कारकुनाने पैसे पाठवताना संदेशाच्या रकाना ७० मध्ये, म्हणजे 'पैसे कशाबद्दल' या जागेत, बिलाचा नंबर लिहिला आणि कामात चोख असल्यामुळे पुढे तीन शब्द जोडले: व्हाया बंदर अब्बास. तुर्कमेनिस्तानला खुला समुद्र नाही. तिकडे जाणारा माल इराणच्या या बंदरात उतरून पुढे रेल्वेने किंवा ट्रकने जातो. त्यात गैर काही नव्हतं. पण न्यूयॉर्कच्या बँकेतल्या संगणकाला इराणी बंदराचं नाव दिसलं आणि त्याने व्यवहार बाजूला काढून ठेवला. मग प्रश्न सुरू झाले. जहाजाचं नाव काय, मालक कोण, माल कोण वापरणार, त्याचा पूर्ण पत्ता काय. आम्ही उत्तरं दिली की आठवड्याने नवे प्रश्न यायचे. अन्नपदार्थांना आणि औषधांना निर्बंधातून सूट असते, कागदावर. अण्णांनी माल पाठवण्याआधी पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीसाठीचं कर्ज, उचललेलं होतं, त्याचं व्याज मात्र दिवस मोजत होतं. ते सूट पाळत नाही.

वर्तमानपत्रात 'आर्थिक युद्ध' असा मथळा दिसला की मला हा रकाना आठवतो. रणगाडे सरहद्द ओलांडतात तेव्हा ते दिसतात तरी. इथे फक्त एक संदेश पुढे जात नाही.

हे समजायचं तर डॉलर प्रवास कसा करतो ते एकदा पाहावं लागेल. खरं म्हणजे तो प्रवास करतच नाही. नोटा सोडल्या, तर डॉलर अमेरिकेबाहेर पडत नाहीत. गावातल्या दोघांचं एकाच वाण्याकडे खातं असेल, तर एकाने दुसऱ्याचे पैसे चुकते करताना नाणी हलवावी लागत नाहीत. वाणी एकाच्या नावावरून काढतो, दुसऱ्याच्या नावावर घालतो, झालं. आमच्या बँकेचं न्यूयॉर्कच्या एका बँकेत खातं होतं, दुबईच्या बँकेचंही तिथे होतं. अशा खात्याला नॉस्ट्रो म्हणतात. मूळ इटालियन शब्द, अर्थ 'आमचं'. आमचं, पण तुमच्याकडे ठेवलेलं. उलट बाजूने त्यालाच व्होस्ट्रो म्हणतात, 'तुमचं'. आम्ही आमच्या समाधानासाठी या खात्याची एक प्रत मुंबईत लिहायचो, तिला मिरर अकाउंट म्हणत. सगळी नोकरी त्या आरशाशी खरं खातं जुळवण्यात गेली म्हटलं तरी चालेल. जुळलं नाही तर खरं कोणाचं, हा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. खरं न्यूयॉर्कचंच.

म्हणजे सांगली आणि दुबई यांच्यातला हळदीचा हिशेब शेवटी अमेरिकन वाण्याच्या वहीत उतरतो आणि ती वही अमेरिकन कायद्याखाली येते. एवढीच गोम आहे.

दुसरी गोष्ट स्विफ्टची. टीव्हीवरच्या चर्चेत स्विफ्टमधून पैसे जातात असं ऐकलं की अजून माझा हात रिमोटकडे जातो. स्विफ्टमधून पैसे जात नाहीत, निरोप जातो. मी १९८४ मध्ये लागले तेव्हा हे काम टेलेक्सवर चालायचं. यंत्राच्या बाजूने भोकं पाडलेली कागदी पट्टी गुंडाळत बाहेर यायची, आणि निरोप खरा की कुणी तोतयाने धाडला हे ओळखायला 'टेस्ट की' असायची. तारीख, चलन, रक्कम यांचे ठरावीक आकडे कुलूपबंद पुस्तकातून काढून बेरीज करायची. पुस्तक एका अधिकाऱ्याकडे, दुसरा भाग दुसऱ्याकडे. बेरीज जुळली तर निरोप खरा. संध्याकाळी पाचनंतर दोघांपैकी एक लोकल पकडायला निघून गेला, की एखाद्या कारखान्याचं यंत्र जपानच्या गोदीत आणखी एक दिवस थांबायचं. १९९१ मध्ये भारतात स्विफ्ट आली आणि ही कटकट संपली. ब्रुसेल्सजवळच्या ला हुल्प गावात मुख्यालय, १९७३ ची स्थापना, आज अकरा हजारांहून जास्त संस्था जोडलेल्या. आम्हाला ती टपालखात्यासारखी वाटायची. टपालखातं कुणाची पत्रं थांबवेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

मार्च २०१२ मध्ये युरोपच्या आदेशावरून स्विफ्टने इराणच्या बँका तोडल्या. एका सकाळी त्या बँकांचे कोड आमच्या पडद्यावर मेले.

भारतापुढे तेव्हा अडचण अशी की तेल तर इराणचं हवं होतं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१० मध्येच आशियाई क्लिअरिंग युनियन या सामायिक हिशेबाच्या व्यवस्थेमार्फत इराणला तेलाचे पैसे देणं बंद केलं होतं. त्यानंतर हॅम्बुर्गची एक बँक झाली, मग तुर्कस्तानची एक झाली, दोन्ही वाटा एकेक करून आटल्या. शेवटी युको बँक पुढे आली. का, तर तिचा अमेरिकेत काही पसारा नव्हता, म्हणून तिथे गमावण्यासारखंही फारसं नव्हतं. तेलाच्या किमतीतला ४५ टक्के भाग रुपयात युकोतल्या इराणी खात्यात जमा व्हायचा आणि इराण त्या रुपयांतून इथला माल घ्यायचा: बासमती, चहा, औषधं, आणि सोयाबीनची पेंड. लातूर-अकोल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल, पण तेहरानच्या कोंबड्यांनी ती वर्षं त्याच्या बाजाराला हात दिला.

बाकीच्या बँका का धजावल्या नाहीत? याचं उत्तर २०१४ मध्ये सगळ्यांना एका आकड्यात मिळालं. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला अमेरिकेने जवळपास ९ अब्ज डॉलर दंड केला. सुदान, इराण, क्युबा यांचे व्यवहार डॉलरमध्ये केले म्हणून. बँक फ्रेंच, पण वही अमेरिकन. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्याकडे परिपत्रकांचा पाऊस पडला. त्यानंतर नियम काय म्हणतो यापेक्षा 'उगाच कशाला' हेच धोरण झालं. माझ्या मते या युद्धातलं सर्वांत प्रभावी हत्यार हेच आहे. वॉशिंग्टनला दर वेळी काही करावं लागत नाही, फोर्टमधला शाखाप्रमुख स्वतःच घाबरतो. मीही घाबरायचे. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी कुणाला हवी?

युरोपनेसुद्धा आपली वाट काढून पाहिली. अमेरिकेने इराणशी झालेला अणुकरार मोडल्यावर जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी जानेवारी २०१९ मध्ये इन्स्टेक्स नावाची व्यवस्था उभी केली, डॉलरला वळसा घालून इराणशी व्यापार करायला. तीन बलाढ्य देश! मार्च २०२० मध्ये वैद्यकीय मालाचा एक व्यवहार त्यातून झाला. पहिला आणि शेवटचा. २०२३ मध्ये दुकान बंद. सरकारं तयार होती, बँका नव्हत्या.

मी ३१ मार्च २०२२ ला निवृत्त झाले. शेवटचा महिना शांतपणे टेबल आवरण्यात जाईल अशी कल्पना होती. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि चार दिवसांत जे झालं ते अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. काही रशियन बँका स्विफ्टमधून काढण्याची घोषणा झाली, ते एक वेळ इराणमुळे सवयीचं होतं. पण २८ फेब्रुवारीपर्यंत रशियाच्या मध्यवर्ती बँकेचाच परदेशातला साठा गोठवला गेला. एकूण गंगाजळी ६३०-६४० अब्ज डॉलरची, त्यातले सुमारे ३०० अब्ज. रात्रीतून, तिजोरीला हात न लावता. मोठा भाग ब्रुसेल्सच्या युरोक्लिअर या संस्थेच्या वहीत रोख्यांच्या रूपाने होता. तो आजही तिथेच आहे, रशियाच्याच नावावर. फक्त मालकाने सांगितलं तर हलत नाही.

असं आधी झालंच नव्हतं असं नाही. कार्टर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये इराणचे पैसे गोठवले होते. २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरल्यावर अफगाणिस्तानचे ७ अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये अडकले. आणि फक्त शत्रूशीच असं वागतात असंही नाही. १९५६ मध्ये सुएझवर चाल करून गेलेल्या ब्रिटनला आयझेनहॉवर यांनी एक गोळी न झाडता परत फिरवलं. पौंड घसरत होता, नाणेनिधीची मदत हवी होती, आणि सैन्य मागे घेतल्याशिवाय ती मिळणार नाही हे अमेरिकेने कळवलं. सख्खा मित्र होता. पण रशिया ही मोठी अर्थव्यवस्था, अणुबाँब बाळगणारी. तिच्या बाबतीत हे होऊ शकतं, तर आपल्या बाबतीत का नाही, हा प्रश्न त्या आठवड्यात रियाधपासून बीजिंगपर्यंत प्रत्येक अर्थमंत्र्याच्या मनात आला असणार. मुंबईतही आला असेल. आमच्या कँटीनमध्ये तर आलाच होता.

त्यातून सोन्याची गोष्ट सुरू होते. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जगातल्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. सोन्याला व्याज मिळत नाही, सांभाळायला खर्च येतो, तरी घेतलं. आपल्या रिझर्व्ह बँकेचं मार्च २०२३ मध्ये देशात ३०१ टन होतं, मार्च २०२५ मध्ये ५१२ टन झालं. एकूण साठा सुमारे ८८० टन. वाढ बरीचशी खरेदीची नाही, लंडनहून घरी आणलेल्या सोन्याची आहे. माझ्या पिढीच्या बँकवाल्यांना ही बातमी वाचून वेगळंच वाटलं. १९९१ च्या जुलैत हेच सोनं, ४७ टन, उलट दिशेने गेलं होतं. तेव्हा विमानतळाच्या रस्त्यावरची कुजबुज आमच्या टेलेक्स रूमपर्यंत आली होती.

लंडनला ठेवलेलं सोनं सुरक्षित नसतं का? व्हेनेझुएलाला विचारा. बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरातलं त्यांचं सुमारे ३१ टन सोनं मादुरो सरकारने मागितलं, तर तिथल्या कोर्टात प्रश्न निघाला की तुमचा खरा अध्यक्ष कोण!

अण्णांना मी हे सगळं एकदा फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पेवात ठेवायचं म्हणा की." सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली खोल खड्डे, वरून तोंड बंद, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच बुडाली. अण्णांची पण. "पेवातला माल आपला खरा," ते म्हणाले, "पण बाजार भरतो सांगलीत. हळद वर काढल्याशिवाय विकते होय?"

नेमकी हीच अडचण रशियाला भारतात आली, आणि ती गोव्यात बोलून दाखवली गेली. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ ला रुपयात व्यापार करायला परवानगी दिली होती, परदेशी बँकांना इथे खास व्होस्ट्रो खाती उघडता यायला लागली. रशियन तेल जोरात यायला लागलं. २०२२-२३ मध्ये भारताने रशियाकडून सुमारे ४६ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला जेमतेम ३ अब्जांचा. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी बाणावलीला आलेल्या लावरोव्ह यांनी पत्रकारांना सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचलेत, ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात बदलावे लागतील. गोव्याच्या किनाऱ्यावर बसून रशियाचा परराष्ट्रमंत्री रुपये कसे खर्चायचे याची चिंता करतोय, हे दृश्य मला फार बोलकं वाटलं. इराणने पेंड आणि बासमती घेतली. रशियाने किती घ्यायची? पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने असा साचलेला पैसा आपल्या सरकारी रोख्यांत गुंतवायला मोकळीक दिली. म्हणजे रशियाच्या बाजूने पाहिलं तर ब्रुसेल्सची वही सुटली आणि मुंबईची आली.

'डॉलर संपला' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यासाठी. जगाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा २००० च्या सुमारास ७० टक्क्यांच्या आसपास होता, आता साठच्या खाली आहे. पंचवीस वर्षांत एवढंच. चीनने २०१५ मध्ये पैसे चुकते करण्याची आपली सिप्स व्यवस्था सुरू केली, रशियाचं स्वतःचं निरोप पाठवण्याचं जाळं आहे, मीर कार्ड आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड रशियातून निघून गेले तेव्हा मॉस्कोतल्या दुकानात देशी बँकांची कार्डं चालू राहिली, कारण २०१४ मध्ये क्रिमियानंतर चटका बसल्यावर त्यांनी ती तयारी केली होती. आपल्या रुपे आणि यूपीआयकडे मी आता फक्त भाजीवाल्याच्या सोयीचं साधन म्हणून पाहत नाही. पण घरातलं दळण घरात दळता येणं वेगळं आणि परक्याने तुमचं चलन हौसेने जपून ठेवणं वेगळं. दुसरं साधायला शंभर वर्षांची विश्वासाची वही लागते, आणि चीन आपल्या वहीची दारं पूर्ण उघडायला तयार नाही.

हत्यार वापरणारेही आता बिचकतात. गोठवलेल्या रशियन पैशाच्या जोरावर युक्रेनला मोठं कर्ज द्यावं असं २०२५ मध्ये युरोपात घाटत होतं. सर्वांत मोठा विरोध बेल्जियमचा, ज्याच्या दारात युरोक्लिअर आहे. उद्या बाकीच्यांनी विश्वास काढून घेतला तर? अखेर डिसेंबरमध्ये युरोपने त्या पैशाला न शिवता ९० अब्ज युरो स्वतःची पत वापरून उभे करायचं ठरवलं.

मग पुढचं युद्ध कशाचं? माझ्या टेबलावरून दिसलं नसतं अशा जिनसांचं, असं मला वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आयातशुल्कांना उत्तर म्हणून चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लादला. बंदी नाही, परवाना. अर्ज करा, कोण वापरणार ते लिहून द्या, थांबा. फॉर्म वाचला तेव्हा मला हसूच आलं, सगळे प्रश्न ओळखीचे. विजेच्या मोटरीतलं चुंबक तापलं तरी ओढ सोडू नये म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात आणि जगातली अशी बहुतेक चुंबकं चीनमध्ये होतात. जुलैपर्यंत पुण्याच्या बजाज ऑटोला जाहीर सांगावं लागलं की माल आला नाही तर ऑगस्टमध्ये चेतक स्कूटरचं उत्पादन थांबेल. भांडण वॉशिंग्टन आणि बीजिंगचं होतं.

त्याच जुलैत युरोपने वाडीनारच्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा त्यात ४९ टक्के वाटा. काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने कंपनीची ईमेल सेवा बंद केली. गुजरातच्या किनाऱ्यावरची रिफायनरी, आपल्या कायद्याने चालणारी, आणि माणसांना एकमेकांना पत्र लिहिता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, त्यानंतर सेवा परत मिळाली. आमच्या शाखेत टेलेक्स बंद पडला की आम्ही निदान यंत्रावर थाप तरी मारायचो.

अण्णांच्या २७ हजारांचं काय झालं ते राहिलंच. अकरा आठवड्यांनी न्यूयॉर्कने रक्कम दुबईला परत पाठवली, चौकशीचा खर्च कापून. दुबईवाल्याने तेच पैसे दिरहममध्ये पाठवले. दोन दिवसांत आले. तीच हळद, तेच बंदर, वही तेवढी दुसरी. अण्णांनी व्याजाचा हिशेब करून मला दाखवला आणि एका ओळीत निकाल दिला: "नफा न्यूयॉर्कच्या पाण्यात गेला, मॅडम."

आता धंदा त्यांचा मुलगा पाहतो. तो मला ताई म्हणतो, आणि अडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो. मागच्या महिन्यात त्याच्या बँकेचा नवा फॉर्म आला होता. मालाची यादी, घेणाऱ्याचा पत्ता, जहाजाचा नंबर, आणि खाली एक प्रश्न: माल मार्गात कोणकोणत्या बंदरांना लागतो, सर्व नावं लिहा. 'बंदर अब्बास टाकू का गाळू?' त्याने विचारलं होतं. जे आहे ते सगळं लिही, मी उत्तर पाठवलं.

थोड्या वेळाने त्याचा निरोप आला. "ताई, रकाना लहान आहे. मावत नाहीत."